सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

लेउताकाकांच्या घरात त्या दुपारी सगळे एकदम बोलत होते. नाव सारखं मासिनाचं निघत होतं, पण तिच्याशी मात्र कोणी बोलत नव्हतं. ती आपल्या नेहमीच्या खांबाला पाठ टेकून टोपली विणत होती. बोटं चालू असली की तिला नीट ऐकू येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सिएनीकाकू थोड्या थोड्या वेळाने तिच्यावर डाफरत होती.

"अगं, ठेव ना ती टोपली! घरावर काय वेळ आलीय आणि ही बाई टोपल्या विणत बसलीय!"

वेळ आलीच होती तशी. शनिवारी सोआलोला त्यांच्या घराण्याची पदवी, म्हणजे 'सोआलो' हे प्रमुखाचं नाव मिळालं, त्याचा सोहळा होता. सगळं वाईलोतो गाव जमलेलं. त्यांचा वक्ता काठी टेकून उभा राहिला आणि वंशावळ म्हणू लागला. सोआलोच्या आईच्या वडिलांपर्यंत आला आणि म्हणाला, 'जुन्या सोआलोंचा पोटचा मुलगा.' मासिना तेव्हा कोकोचे पेले घेऊन मधोमध उभी होती. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पोटचा नाही. सॉलोमन बेटांवरून मळ्यावर मजूर आणले होते ना, त्यातल्या एकाचा मुलगा तो. जुन्या सोआलोंनी फक्त वाढवला."

पुढे काय झालं ते सांगायला नको. वक्त्याचं वाक्य घशात अडकलं, डुक्कर भट्टीतच राहिलं आणि पाहुणे न जेवता उठले. बोलणारी काही पोर नव्हती, चाळिशीला टेकलेली बाई होती. गावातल्या सगळ्या घराण्यांच्या वंशावळी तिला तोंडपाठ. तिचे वडील, म्हणजे आधीचे लेउता, अळूच्या वाफ्यांत काम करताना तिला एकेक शिकवायचे, कारण तिच्या डोक्यातून काही म्हणून निसटत नसे. कुठली वंशावळ कुठे म्हणायची नाही, हे शिकवायचं त्यांच्याकडून राहून गेलं की तिलाच ते उमगलं नाही, देव जाणे.

"मी तिकिटं काढूनच आलोय," याकोपो म्हणाला. हा मासिनाचा धाकटा भाऊ, ऑकलंडला राहणारा, कालच विमानाने आलेला. "माझं आणि तिचं. तिकडे अशा माणसांसाठी घरं असतात. शिकवणारी माणसं असतात."

"घेऊन जा बाबा," सिएनीकाकू मनगटाने घाम पुसत म्हणाली. "माझं काय, मला काय ती जड झालीय का? पण आता दुकानात जायची चोरी झालीय. सोआलोची वहिनी माझ्या तोंडावर थुंकायची तेवढी राहिलीय."

"अशा माणसांसाठी म्हणजे कशा?" लेउताकाकांनी विचारलं. ते मासिनाचे सख्खे काका. मोठ्या भावामागे लेउता ही पदवी त्यांच्याकडे आली, आणि पदवीबरोबर घरातली सगळी भांडणंही.

याकोपोने एकवार इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्याचा बांध फुटला. "काका, किती वर्षं पांघरूण घालणार आहात? ऑटिझम म्हणतात त्याला. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते हिला कळतच नाही. लहानपणी कळलं नाही, आता कळत नाही, पुढेही कळायचं नाही. गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे हे. फक्त आपण बोलत नाही!"

घराला भिंती नाहीत, नुसते खांब आणि छप्पर. रस्त्याने कपडे धुऊन परत येणाऱ्या दोन बायका थबकल्या, बादली या हातातून त्या हातात घेतली आणि सावकाश, अगदी सावकाश पुढे निघाल्या.

मासिनाची बोटं थांबली. याकोपो बोलला त्यात तिला नवीन काही नव्हतं. तिला माहीत होतं, त्यालाही, काकांनाही, त्या बायकांनाही. तरी तिचे कान तापले, मान तापली आणि कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. का, ते काही तिला समजेना.

"याकोपो, तोंड आवर!" एकदम ओरडली ती सिएनीकाकू. "रस्त्यावर माणसं आहेत!"

"आत्ता तूच तर म्हणालीस, घेऊन जा म्हणून!"

"ते मी घरात म्हटलं. तू गावाला ऐकवलंस! आईविना वाढवलीय मी तिला, तिच्याबद्दल असं भर रस्त्यात बोलायचं नाही." काकू ताडकन उठली आणि मासिनाच्या शेजारी फतकल मारून बसली. आता कोण येऊन हिला नेतो ते बघते, असा तिचा आव होता. याकोपो हात वर करून छपराकडे बघत राहिला.

लेउताकाकांनी रस्ता रिकामा झाल्याची खात्री केली. मग म्हणाले, "उद्या उजाडायच्या आत मी सोआलोच्या दारात जाऊन बसणार. डोक्यावर चटई घेऊन."

घराण्याच्या प्रमुखाने दुसऱ्याच्या अंगणात डोकं झाकून बसायचं, म्हणजे मान कापायला पुढे करायची. समोरच्याने चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर तसंच उन्हात बसून राहायचं. पूर्वी कोणी कोणी बसल्या जागी कोयत्याचे वार खाल्लेले आहेत.

"आणि मासिना माझ्याबरोबर बसेल," काका म्हणाले.

"ती तिथे तोंड उघडेल, काका! कोणी काही विचारलं की हिला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. शनिवारी तर कोणी विचारलंही नव्हतं!"

"म्हणूनच बसेल. बोलली ती. चटई उचलली तर ती इथेच राहील, माझ्या घरात, आणि मग तू तिकिटाचं नाव काढायचं नाहीस. नाही उचलली तर गावाची बैठक तिला गावाबाहेर काढेल, हे मला कळून चुकलंय. मग तू ने."

याकोपोने मान डोलावली. सिएनीकाकूने मासिनाचा हात घट्ट धरला. मासिनाला हात धरलेला आवडत नसे, पण तिने तो सोडवून घेतला नाही.

"चटई कधी उचलतात?" तिने विचारलं.

"त्यांना वाटेल तेव्हा."

"ते कशावरून वाटतं?"



*

उजाडताना ते सोआलोच्या अंगणात बसलेले होते. पुढे भट्टीचे दगड आणि जळणाची मोळी ठेवलेली. हवं तर आम्हाला भाजून खा, असा त्याचा अर्थ. घरातली सर्वांत चांगली चटई, केवड्याच्या पानांची, रेशमासारखी मऊ, काकांच्या आणि मासिनाच्या डोक्यावर होती. मागे दवाने भिजलेल्या गवतावर सिएनीकाकू आणि याकोपो मान खाली घालून बसले होते. ऑकलंडची पँट चिखलात भिजत होती, पण याकोपो आला होता, हे मासिनाने मनात नोंदवून ठेवलं.

सूर्य वर आला तसा विणीतून बारीक बारीक उजेड आत झिरपला. समोरच्या घरात माणसं जागी झाली. भांडी वाजली, मग वाजायची थांबली. पाहिलं असणार त्यांनी. बाहेर मात्र कोणी आलं नाही.

ऊन चढू लागलं. चटईखाली गुदमरायला होत होतं. काकांचा श्वास जड झाला होता आणि गुडघे ठणकत असणार. पण तक्रार करायची नसते.

"काका," मासिना पुटपुटली.

"हं."

"एक विचारू? हळू आवाजात."

"नाही म्हटलं तर राहणार आहेस का?"

"सोआलोच्या आईचे वडील कोणाचे, हे त्याला माहीत होतं?"

"होतं."

"त्यांच्या वक्त्याला?"

"होतं."

"तुम्हाला?"

"होतं गं बाई, सगळ्या गावाला होतं!"

"मग मी कोणाला काय नवीन सांगितलं? बाबा सांगायचे, बोलण्याआधी बघत जा, समोरच्याला हे माहीत आहे का. माहीत नसलं तर त्याला धक्का बसेल, मग गप्प राहा. मी बघितलं. एकेकाकडे बघितलं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी बोलले."

काकांनी चटईखालीच मान तिच्याकडे वळवली. "म्हणजे तू विचार करून बोललीस?"

"हो. पेले हातात होते तेवढ्या वेळात."

"अरे देवा," काका म्हणाले. मग समजुतीच्या स्वरात, "हे बघ. माणूस लुंगी नेसतो. आत काय आहे ते सगळ्या जगाला माहीत असतं. म्हणून भर सभेत कोणी ती ओढतं का?"

मासिनाने यावर विचार केला. "ओढली तर दिसतं. आधी दिसत नसतं. इथे तर आधीपासूनच..."

"बरं, लुंगी सोड. लुंगी चुकलीच माझी." काकांनी घाम टिपायला हात उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "तुझ्या बापाने तुला कसं शिकवलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक."

बाहेर कोणीतरी कोयता दगडावर घासू लागलं. रोज सकाळी घासतात तसाच आवाज, पण आज तो फार जवळून आणि फार वेळ येत होता. "अजून बसलेत का ते?" एक तरणा आवाज ओरडला. "बसू दे! संध्याकाळपर्यंत बसू दे!" एक दगड येऊन मोळीवर आदळला. मागे सिएनीकाकूने देवाचा धावा सुरू केला.

मासिनाने डोळे मिटून घेतले. आवाज जास्त झाले की तिला सगळं बंद करून आत जावंसं वाटे, आणि आत गेलं की गोष्टी नीट मांडून बघता येत. आज आत काल दुपार मांडलेली होती. याकोपोचा आवाज, बादली घेऊन थबकलेल्या त्या दोन बायका.

"काका, काल याकोपो बोलला, ते मला माहीत होतं."

"त्याचं मनावर घेऊ नकोस."

"मनावर घेत नाहीये, विचार करतेय. मला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. त्या बायकांनाही होतं. नवीन काहीच नव्हतं. तरी माझे कान तापले. का तापले?"

"कारण..."

"थांबा, मी सांगते." ती थांबत थांबत बोलू लागली. "काल दुपारपर्यंत जो तो ते आपल्यापाशीच ठेवून होता. मी दुकानात गेले की त्या बायका मासळीचं बोलायच्या, मीही मासळीचं बोलायचे. ते मधे यायचं नाही. याकोपो बोलल्यावर ते सगळ्यांच्या मधोमध येऊन पडलं. आता त्या माझ्याकडे बघतील तेव्हा त्यांना माहीत असेल की मला कळलंय. मला माहीत असेल की त्यांना माहीत आहे. मासळीचं बोललो तरी ते तिथे असेलच." तिला दम लागला. "सोआलोला असंच झालं?"

"असंच झालं."

"त्याच्या मानाच्या दिवशी."

"हो."

"आणि मी काही न बोलता पेले घेऊन निघून जाऊ शकले असते."

"शकली असतीस."

"मग मी वाईट वागले, काका."

"हो, मासिना. वाईट वागलीस."

जाऊ दे, तुला कुठे कळतं, असं ते म्हणाले नाहीत. त्याबद्दल तिला त्यांच्याविषयी इतकी माया वाटली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडायला तिला कधी जमत नसे, आणि आज जमलं तर नाक पुसायची सोय नव्हती.

*

दुपार कलू लागली तेव्हा पावलं वाजली. जड, घासत चालणारी. कोणीतरी कण्हत चटईसमोर गवतावर बसलं. म्हाताऱ्या माणसाचा वास आला, खोबरेल तेलाचा आणि सुकलेल्या फुलांचा.

"लेउता, तू बोलू नकोस," आवाज आला. ती अनोवालेआजी होती, सोआलोची आई. जिच्या वडिलांवरून हे सगळं झालं, ती. "मला तुझ्या पुतणीशी बोलायचंय. मासिना, आहेस का आत?"

"आहे."

काकांनी तिच्या गुडघ्यावर हात दाबला. चटईखालच्याने बोलायचं नसतं. पण विचारलं होतं.

"तुझा बाप सगळ्या घराण्यांचं जाणायचा," आजी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला की मासिनाला पुढे वाकावं लागलं. "माझ्या बापाचा बाप. मळ्यावरच्या साहेबाने त्याला टॉम म्हणून हाक मारली आणि टॉम म्हणूनच पुरला. माझ्या बापाने मरेपर्यंत त्याचं खरं नाव तोंडातून काढलं नाही. लहानपणी मी विचारलं तर पाठीवर केरसुणी बसली. म्हातारी झाले गं मी. शनिवारी तू बोललीस आणि माझा पोरगा संतापाने थरथरत होता, आणि मी मात्र मनात म्हणत होते, अजून बोल, थांबू नकोस, अजून बोल." ती थांबली. "नाव ठाऊक आहे तुला?"

मासिनाला नाव ठाऊक होतं. त्याच्या आईचं नाव ठाऊक होतं, आणि त्यांचं गाव ज्या नदीकाठी होतं तिचंही. तिन्ही जिभेवर येऊन उभी राहिली. शनिवारी ती क्षणभर थांबली नसती. आताही तोंड उघडलेलं होतं. पण मागे काकू आणि याकोपो होते, समोर कोयता घासणारा होता आणि कुंपणापलीकडे अर्धं गाव उभं असणार.

"इथे सांगू," तिने विचारलं, "की फक्त तुम्हाला?"

आजी आणखी पुढे सरकली. मग म्हणाली, "फक्त मला."

"मग कान इकडे आणा."

चटईच्या विणीला पलीकडून एक गाल टेकला. मासिना बोलली. काय बोलली ते इथे सांगायचं कारण नाही, ते त्या म्हातारीचं आहे. तो गाल चटईला टेकलेलाच राहिला. मग चटई तेवढ्या जागी ओली झाली. मग आजी उठली आणि पाय घासत घासत निघून गेली.

"काय सांगितलंस?" काका कुजबुजले.

"नाही सांगणार."

"मला? अगं, मी लेउता आहे!"

"तुम्हाला बाबांनी सांगितलं असेल तर माहीत असेल. माझ्याकडून नाही."

आयुष्यात पहिल्यांदा या पोरीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं आजच!

घरातून आवाज येऊ लागले. आधी सोआलोचा, मग आजीचा, मग पुन्हा त्याचाच, चढलेला. मासिनाला शब्द कळत नव्हते, आणि नुसत्या आवाजावरून काही ओळखणं तिला कधी जमलेलं नव्हतं. काकांचा हात अजून तिच्या गुडघ्यावर होता. तिने त्यावर आपला हात ठेवला.

मग सोआलो आला. दाणदाण पावलं टाकत आला आणि अगदी पुढ्यात थांबला. चटईच्या कडेखालून त्याचे पाय दिसत होते.

"माझ्या आईला काय सांगितलंस?"

प्रश्न आला होता. प्रश्न आला की उत्तर तिच्या छातीतून आपोआप वर चढे, ढेकर यावा तसं, आणि अडवलं की दुखे.

"त्यांना विचारा," ती म्हणाली.

"तिला विचारलं. सांगत नाही, नुसती रडतेय. मी तुला विचारतोय."

"मासिना," काका धापा टाकत म्हणाले, "सांगून टाक."

"ताई, सांग ना गं!" मागून याकोपोचा धीर सुटला. काल तिकिटं घेऊन बसलेला याकोपो आज रडवेल्या आवाजात ओरडत होता. "विचारलंय त्यांनी! एवढं सांग आणि सुटू दे सगळं!"

"सांगितल्याशिवाय मी चटई उचलणार नाही," सोआलो म्हणाला. "सगळ्यांदेखत सांगतो. काय म्हणालीस माझ्या आईला?"

मासिनाने मुठीत गवत धरलं. तिच्या डोळ्यांपुढे तिचा खांब आला, अळूचे वाफे आले, सिएनीकाकूचा ओरडा आला आणि न पाहिलेल्या ऑकलंडमधली अनोळखी खोली आली. ते सगळं खरं होतं आणि त्या पायांच्या मालकाच्या हातात होतं. तिला मनापासून इथेच राहायचं होतं. उत्तर छातीत धडका मारत होतं.

"मग नका उचलू," ती म्हणाली.

मागे सिएनीकाकूच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

"शनिवारी मी तुमची गोष्ट बोलले," मासिना म्हणाली. आवाज चिरकत होता, पण ती बोलत राहिली. "ती बोलायचा हक्क माझा नव्हता. माझं चुकलं. तुम्हाला काय झालं असेल ते मला काल कळलं, म्हणजे आज कळलं, मला वेळ लागतो. आता ही तुमच्या आईची गोष्ट आहे. तुम्हाला सांगायची की नाही ते त्या ठरवतील. मी ऑकलंडला जाईन. तिथेही कोणाला सांगणार नाही."

पाय हलले नाहीत. काकांचा श्वास थांबून थांबून येत होता.

मग डोक्यावरचं ओझं निघालं. एकदम इतका उजेड पडला की तिला काही दिसेना. काका पुढे कलंडले आणि सोआलोने त्यांना एका हाताने सावरलं. याकोपो मागून धावत आला आणि मधेच थबकला, कारण काय करायचं असतं ते त्याला आठवेना. घराच्या पायरीवर अनोवालेआजी बसलेली होती आणि तिचे ओठ हलत होते, स्वतःशीच, तेच तेच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत असल्यासारखे.

मासिनाने मान वर करून सोआलोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे लाल, जबडा आवळलेला, कपाळावर आठी. या सगळ्याचा मिळून काय अर्थ होतो ते तिला कळेना, म्हणून तिने विचारलं.

"तुम्ही अजून रागावलेले आहात का?"

"हो," सोआलो म्हणाला. चटई त्याच्या एका हातात तशीच लोंबत होती. "पण आत ये."